दोन बोटं आखूड

फिटर : प्लग पुन्हा एकदा काढून बघू.

टेलर : चौथ्यांदा?

फिटर : चौथ्यांदा तर चौथ्यांदा. अकरा वर्षं ही बया गॅरेजमध्ये विटांवर झोपलेली. चावी फिरवली की टुणकन उठून बसेल होय? माणूस दोन दिवस तापात पडला तरी तिसऱ्या दिवशी पाय लटपटतात त्याचे.

टेलर : सकाळी प्लग काढलेस, पुसलेस, बसवलेस. तासाभराने परत काढलेस, पुसलेस, बसवलेस. मी गिऱ्हाइकाची बाही चार वेळा उसवली ना, तर ते कापड उचलून शेजारच्या दुकानात जाईल.

फिटर : मग तू पण जा. या मॉडेलची गाडी खोलणारा दुसरा कोणी शोधून दाखव. होते ते वर गेले, खाली उरलोय मी.

टेलर : तू तरी कुठे गाड्यांचा? तू बस डेपोचा फिटर.

फिटर : तीस वर्षं डेपोतल्या बसगाड्या रोज पहाटे पाचला रस्त्यावर काढल्यात या हातांनी. तुझं हे डबडं त्यांच्या एका चाकाएवढं आहे.

टेलर : डबडं म्हणू नकोस तिला.

फिटर : बरं, राणीसाहेब. राणीसाहेबांच्या पोटातून पहिल्या रविवारी काय निघालं आठवतंय? टाकीत काकवीसारखा गाळ. दुसऱ्या रविवारी कार्बोरेटर खोलला. तिसऱ्या रविवारी ब्रेकचे रबर नि चारही टायर. चौथ्या रविवारी सीटखाली उंदराचं अख्खं बाळंतपण.

टेलर : त्या सीटचं कव्हर मी परत शिवलं. तुला कुठे शिवायला लागलं?

फिटर : नाही, पण उंदीर मी बाहेर काढले.

टेलर : बॅटरी नवी आहे. स्टार्टर फिरतोय, मला ऐकू येतंय. पेट्रोल येतंय, वास येतोय. मग पेटत का नाही?

फिटर : तेच तर बघतोय.

टेलर : एक जागा तू अजून बघितली नाहीस.

फिटर : कुठली?

टेलर : ही. ही काळी टोपी. जिच्यातून त्या चार वायरी निघतात.

फिटर : तिला हात लावू नकोस.

टेलर : का?

फिटर : नाजूक असते ती.

टेलर : दोन क्लिपा आहेत. सटासट निघतात. पूर्वी महिन्यातून एकदा तूच काढायचास, आणि मी टॉर्च धरून उभा राहायचो.

फिटर : तिचा नंबर शेवटी. प्रत्येक कामाची एक रीत असते. तू कॉलर आधी लावतोस का बाही?

टेलर : संध्याकाळ व्हायला चार तास आहेत, फिटर. पोराला मी शब्द दिलाय. आज दिवे लागायच्या आत गाडी आपल्या पायांनी फाटकाबाहेर पडली तर राहील. नाही पडली, तर उद्या सकाळी दहाला भंगारवाला येणार आणि या जागेत त्याची नवी गाडी.

फिटर : माहीत आहे रे. तेच तेच सांगून घाम नको आणूस.

टेलर : तुला घाम बॉनेट उघडल्यापासून आलाय. सरक जरा, तो स्पॅनर देतो. अरे, वाकू नकोस इतका. मोजे दिसतायत. ही तीच पँट ना?

फिटर : तीच. डेपोच्या साहेबांसारखी कडक पँट शिव म्हणालो होतो, ती. घोट्याच्या वर दोन बोटं. मुलीच्या लग्नात व्याही माझ्याशी बोलत होते आणि बघत होते माझ्या मोज्यांकडे. तेव्हापासून ऑइलच्या कामाला वापरतो. दुसऱ्या कशाच्या लायकीची नाही.

टेलर : हं.

फिटर : चाळीस वर्षांत तुझं माप एकदाच चुकलं, आणि तेही नेमकं माझ्यावर. गावातल्या लठ्ठ्यालठ्ठ्यांना सुटसुटीत बसतं, आणि मी असा शिडशिडीत माणूस.

टेलर : चुकलं खरं. फडकं आणतो थांब. मऊ आणतो, फ्लॅनेलचं. काचही पुसून घेऊ, निदान भंगारवाल्याला तरी स्वच्छ मिळेल.

फिटर : जा, आण. सावकाश आण. घाई नाही.

(टेलर घरात जातो. थोड्या वेळाने वहिनी चहाचे कप घेऊन गॅरेजमध्ये येतात.)

वहिनी : भाऊजी, चहा. गेले का ते आत?

फिटर : गेला. वहिनी, सापडला का?

वहिनी : नाही.

फिटर : नाही म्हणजे?

वहिनी : नाही म्हणजे नाही. बटणांचा डबा अख्खा पलंगावर ओतला. शर्टाची बटणं, कोटाची बटणं, हुक, एक तुटकी कात्री, एक जुना दातसुद्धा निघाला, कुणाचा देव जाणे. तुमचा तो काळा तुकडा नाही.

फिटर : रोटर म्हणतात त्याला. अहो, पाच रविवार तुम्ही मला सांगताय, "आहे हो डब्यात, आयत्या वेळी देते." मी त्या भरवशावर प्लग पुसत बसलोय. माझ्या हातांना फोड आले नसत्या कामाने.

वहिनी : होता हो. मागच्या दिवाळीच्या सफाईत मी स्वतः पाहिला. पायाने चालत गेला असेल का?

फिटर : त्याच्याशिवाय ठिणगी प्लगपर्यंत जातच नाही. अंगठ्याएवढा तुकडा, पण तो टोपीत फिरला नाही तर गाडी नुसती ओरडणार, पेटायची नाही. आणि या मॉडेलचा रोटर आता बाजारात मिळत नाही. मी गुपचूप तीन दुकानं पालथी घातली.

वहिनी : मग आता?

फिटर : आता काय, दोन्हीकडून मरण. नाही मिळाला तर उद्या गाडी भंगारात. मिळाला तर तो विचारणार, हा तुझ्या हातात कुठून आला.

वहिनी : सांगा की डेपोत सापडला.

फिटर : वहिनी, अकरा वर्षांपूर्वीपण तुम्हीच सुचवलेलं मी बोललो होतो. "इंजिनचा एक भाग गेलाय, आता तो बनत नाही." त्याच्या तोंडावर बोललो. तो नुसता मान हलवून "बरं" म्हणाला आणि दुसऱ्या दिवशी गाडीला मापाचं कव्हर शिवून आणलं. आरशांना वेगळे कान. ते कव्हर बघितलं की मला जेवण जात नसे.

वहिनी : मग काय करायचं होतं मी? उजव्या डोळ्यात मोतीबिंदू पिकलेला, ऑपरेशन नको म्हणून हट्ट. डोळ्याला कात्री लावू देणार नाही म्हणे, स्वतः जन्मभर कात्री चालवून. शाळेच्या भिंतीवर गाडी घातली तरी म्हणे भिंतच पुढे बांधलीय.

फिटर : हातभर पुढे बांधलीय. अजून म्हणतो.

वहिनी : सुट्टीचा दिवस होता म्हणून. नाहीतर त्या वेळेला पोरं सुटतात तिथून. मी रात्रभर तेच बघत होते डोळ्यांसमोर. ऐकतील ते कसले. म्हणून आले तुमच्याकडे. दुसऱ्या कुणाकडे जाणार होते?

फिटर : तुमचं चुकलं नाही. माझंही चुकलं नाही म्हणा. पण खरं बोलायला पाहिजे होतं. दोघांनी समोर बसवून सांगायला पाहिजे होतं, की आम्ही काढलाय, डोळा बरा कर, मग देतो. तेवढी हिंमत नव्हती माझ्यात. चाळीस वर्षांची मैत्री, म्हटलं तुटेल.

वहिनी : मग आता तर ऑपरेशन होऊन डोळा बरा झालाय. डॉक्टरांनी कागद दिलाय, लायसन्स झालंय. आता कशाला उकरून काढायचं? शोधू ना आपण. मशीनच्या खणात बघते.

फिटर : बघा. पण लवकर. आला बघा तो.

टेलर : काय रे, चहा गार करताय? आणि तू इथे काय करतेस, पलंगभर बटणं पसरून?

वहिनी : आवरत होते. डबा भरून गेला होता.

टेलर : रविवारी दुपारी?

वहिनी : मग काय, तुम्ही रविवारी दुपारी गाडी आवरताच ना.

टेलर : बरोबर आहे. घे फिटर, फडकं. काय ठरलं मग?

फिटर : प्लग एकदा...

टेलर : नको.

फिटर : का?

टेलर : पुरे झालं. तू पाच रविवार दिलेस, माझ्या भावाने दिले नसते. नाही होत तर नाही होत. मी पोराला फोन करून सांगतो, बोलाव तुझ्या माणसाला. कव्हर तेवढं काढून ठेवीन. मापाचं आहे, दुसऱ्या कुठल्या गाडीला बसायचं नाही, पण असू दे.

वहिनी : अहो, दिवे लागायला वेळ आहे अजून.

टेलर : नंबर कुठे गेला याचा. चष्म्याशिवाय वाचता येतं आता, पण सवय.

फिटर : फोन ठेव.

टेलर : वाजतोय.

फिटर : ठेव म्हणतो ना. बंद कर.

टेलर : केला. बोल.

फिटर : त्या टोपीत काही नाही.

टेलर : म्हणजे?

फिटर : आतला रोटर नाही. गेला नाही, मोडला नाही. मी काढला. अकरा वर्षांपूर्वी, तू भिंतीला धडकलास त्याच्या तिसऱ्या दिवशी. तू दुकानात होतास. मी इथे आलो, क्लिपा सोडल्या, तो काढला आणि टोपी परत लावली. मग तू बोलावलंस तेव्हा अर्धा तास बॉनेटमध्ये डोकं घालून नाटक केलं आणि म्हणालो, भाग गेलाय, मिळत नाही. खोटं बोललो.

वहिनी : मी सांगितलं होतं त्यांना. त्यांच्याकडे बघू नका, माझ्याकडे बघा. मी पाया पडायची बाकी होते.

फिटर : वहिनी, राहू द्या. त्यांनी सांगितलं असेल, पण हात माझे होते. आणि तोंडही माझं. काढायचा तर तुला सांगून काढायला पाहिजे होता. आता तो हरवलाय, दुसरा मिळत नाही, आणि तुझी गाडी माझ्यामुळे भंगारात चाललीय. शिव्या घालायच्या तर घाल. घरी जा म्हणालास तर जातो.

टेलर : झालं?

फिटर : झालं.

टेलर : अकरा वर्षं लागली तुला एवढं बोलायला.

फिटर : हो.

टेलर : हे धर.

फिटर : हे काय? पिशवी?

टेलर : उघड. बटण आहे, ओढू नकोस. काज नवीन आहे.

फिटर : आयला.

वहिनी : अहो, हा तर तोच. हा तुमच्याकडे कसा?

टेलर : तू बटणाच्या डब्यात ठेवलास, शहाणे. शिंप्याच्या घरी, बटणाच्या डब्यात. लपवायला तुला गव्हाची कोठी नव्हती? तीन महिन्यांत सापडला. वकिलाच्या कोटाला चार भोकांचं तपकिरी बटण हवं होतं. हात घातला तर हा हाताला लागला.

फिटर : आणि तू ओळखलास?

टेलर : महिन्यातून एकदा तू तो काढून माझ्या हातावर ठेवायचास. "धर, पाडू नकोस," म्हणायचास. ओळखणार नाही होय?

वहिनी : मग बोलला का नाहीत?

टेलर : परत डब्यात ठेवला. बटण शोधताना दर वेळी हाताला लागायचा. तू हत्यारांची पेटी घेऊन आलास ना, त्या पहिल्या रविवारी काढून घेतला. म्हटलं, बघू, दोघं कधी बोलतात.

फिटर : पाच रविवार माझा घाम बघत बसलास तू.

टेलर : बसलो. मजा आली थोडी. खोटं कशाला बोलू?

फिटर : आणि मी नसतोच बोललो तर? खरंच दिली असतीस भंगारात?

टेलर : छे. तू हात धुवायला गेला असतास तेव्हा गुपचूप बसवून टाकला असता. मग म्हणालो असतो, बघ, चौथ्यांदा प्लग पुसलेस, तुझ्या हाताला यश आलं. आणि तू ते खरं मानलं असतंस.

वहिनी : आणि आत्ताचा तो फोन? वाजत होता ना?

टेलर : दुकानात वाजत होता. दुकान बंद आहे.

फिटर : हलकट आहेस.

टेलर : आहे थोडासा.

फिटर : पण मला एक सांग. तीन महिन्यांत कळलं होतं तुला. माझ्या दारात येऊन गचांडी का नाही धरलीस?

टेलर : खरं सांगू? भिंत जिथे होती तिथेच होती.

वहिनी : काय?

टेलर : पुढे नव्हती बांधली. मला दिसलीच नाही. दणका बसला तेव्हा कळलं की इथे भिंत आहे. घरी येऊन मी तुम्हाला हातभराची गोष्ट सांगितली, पण रात्री झोप कुठली. पोरं असती तर. पुढच्या दोन दिवसांत तीनदा येऊन गाडीत बसलो. चावी लावली, पण फिरवायचा धीर होईना. आणि तोंडाने मात्र सगळ्यांना सांगत होतो, सोमवारी मी गाडी काढणार म्हणजे काढणार.

फिटर : मग मी म्हणालो, भाग गेला.

टेलर : तू म्हणालास भाग गेला, आणि मला इतकं हलकं वाटलं की दुकानात जाऊन शटर खाली ओढलं आणि रडलो. शिंपी माणूस, डोळ्याला दिसत नाही असं गावभर झालं असतं तर कापड कोणी टाकलं असतं माझ्याकडे? तुम्ही दोघांनी माझी अब्रू झाकलीत. गाडी बिघडली, माणूस नाही बिघडला. त्यावर मी काय बोलणार?

वहिनी : मला तरी सांगायचं होतं.

टेलर : तू तरी कुठे सांगितलंस?

वहिनी : तेही खरंच.

फिटर : म्हणजे राग नाहीच आला तुला?

टेलर : आला की. रोटर सापडला त्या दिवशी असा आला की कात्री फेकून मारावीशी वाटली. चार दिवस टिकला. नेमकी त्या चार दिवसांत तुझी पँट शिवायला आली होती.

फिटर : थांब. थांब जरा.

टेलर : काय झालं?

फिटर : माप चुकलं नव्हतं.

टेलर : माझं माप कधी चुकत नाही.

फिटर : अकरा वर्षं. माझ्या मुलीच्या लग्नात. व्याह्यांसमोर. आणि वर मला म्हणालास, "वाढत्या वयात माणसाचे पाय लांबतात." मी खरं मानून डॉक्टरला विचारलं होतं रे.

वहिनी : अगं बाई, विचारलंत तुम्ही?

फिटर : तो हसला. मला वाटलं, चांगली बातमी आहे म्हणून हसला.

टेलर : आता फिटलं?

फिटर : फिटलं. आण तो रोटर इकडे. धर टॉर्च. तशी नाही, जशी पूर्वी धरायचास तशी, खांद्यावरून. हा बसला. टोपी लावली. एक क्लिप, दुसरी क्लिप. चल, बस आत.

टेलर : मी?

फिटर : मग काय मी? गाडी कुणाची आहे?

वहिनी : थांबा. पुढे मी बसणार. डॉक्टरांचा कागद एक गोष्ट, माझे डोळे दुसरी.

टेलर : बस. पदर दारात अडकवू नकोस.

फिटर : चोक अर्धा ओढ. पाय देऊ नकोस. गिअर मोकळा आहे ना? फिरव.

टेलर : भीती वाटतेय रे.

फिटर : वाटू दे. चावीला कळत नाही ते.

टेलर : खोकली नुसती.

फिटर : खोकू दे, अकरा वर्षांचा कफ आहे. परत फिरव. धीर धर. परत. आता थोडा पाय दे, थोडाच. आता. आता सोड चावी.

वहिनी : लागली. अहो, लागली.

टेलर : ऐकतोयस? फिटर, ऐकतोयस का? चारही सिलिंडर लागलेत.

फिटर : ऐकतोय. गप्प बस जरा, मला ऐकू दे.

वहिनी : भाऊजी, तुमच्या डोळ्यांत पाणी आहे.

फिटर : धूर आहे. गॅरेजात धूर किती झालाय बघा.

टेलर : बस मागे. उंदराच्या जागेवर. पोराला दाखवायचं आहे ना, फाटकाबाहेर काढतो.

फिटर : नुसतं फाटकाबाहेर? एवढ्यासाठी मी पाच रविवार घातले?

टेलर : मग कुठे जायचं?

वहिनी : शाळेपर्यंत. आज सुट्टीच आहे. आणि भिंतीच्या आधी थांबायचं.

टेलर : किती आधी?

वहिनी : चांगलं दहा हात. नंतर उतरून मी मोजणार.

टेलर : टेप घे मग दुकानातून. पावलांनी मोजलेलं मला पटत नाही. बसलास का रे नीट?

फिटर : बसलो. सीट मस्त शिवलीस.

टेलर : आरशात तुझे मोजे दिसतायत.

फिटर : तोंड वर करून सांगतोस पुन्हा.

टेलर : उद्या ती पँट दुकानात आण.

फिटर : कशाला? कापलेलं कापड काय परत उगवणार आहे?

टेलर : कापलं नव्हतं. आत दुमडलंय, दोन बोटं. कच्चा टाका घातलाय. तू बोललास की त्याच दिवशी उसवून द्यायची, असं ठरवलं होतं.

फिटर : आता काय उपयोग. सगळी पँट विटली, खालची दोन बोटं तेवढी कोरी दिसतील.

टेलर : दिसू देत. धरून बस, गिअर टाकतोय.